खाडीचा वाटा

"बाटली धरा मॅडम, जालं वर येतंय!" तुळशीदास ओरडला.

जानकी होडीच्या कडेला गुडघे टेकून बसली होती. चष्म्यावर खारं पाणी उडालेलं, ओढणी लाइफ जॅकेटात अडकलेली. तिने दोन्ही हात पुढे करून जाळ्याचं टोक पकडलं. शंकूच्या आकाराचं, पातळ कापडासारखं बारीक जाळं होतं ते, आणि टोकाला प्लास्टिकची बाटली बांधलेली. मासे पकडायचं जाळं नव्हतं. त्यात सापडायचे ते जीव डोळ्यांना जेमतेम दिसत. बाटली उन्हासमोर धरली, तर चहाच्या गाळासारखं काहीतरी तरंगताना दिसायचं आणि नीट पाहिलं, तर तो गाळ स्वतःहून इकडेतिकडे पळायचा.

"हाय का कं?" तुळशीदासने विचारलं.

"आहे. भरपूर आहे आज."

"मना तर पानीच दिसतंय," तो म्हणाला आणि इंजिन चालू करायला वळला.

गेली कित्येक वर्षं महिन्यातून एकदा हे असंच चाललं होतं. जानकी गावस अंधेरीच्या एका समुद्र-प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. पाण्यात तरंगणारे हे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, जमवायचे, त्यांची वर्गवारी करायची आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचे, हे तिचं काम. साहेब आले, बदलून गेले. प्रकल्प संपले, नवे आले. जानकी आणि तिचं जाळं तेवढं राहिलं. आणि होडी राहिली तुळशीदासची. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला, मिठागरं ओलांडून गेलं की खाडीकाठी जो कोळीवाडा लागतो, तिथला तो. साठी उलटलेला, अंगाने सुकट, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा अल्पेश विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला. त्याला होडीत रस नव्हता.

तो तिला मॅडम म्हणायचा. ती त्याला तांडेल म्हणायची, होडी चालवणाऱ्याला कोळी म्हणतात तसं. सुरुवातीला बाकीच्यांसारखं 'भाऊ' म्हणून पाहिलं होतं तिने; पण तो शब्द दोन-तीनदा उच्चारल्यावर तिने सोडून दिला. का, ते तिने स्वतःलाही कधी विचारलं नाही.

धक्क्याला लागल्यावर तुळशीदासने होडीच्या नाळेतलं, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाचं, फळकुट उचललं आणि आतून एक पिशवी काढली.

"तुमचा वाटा."

पिशवीत जिताड्याचा मधला भाग होता, पांढराशुभ्र, वीतभर रुंद. जिताडा म्हणजे खाडीचा राजा. मिळाला तर हॉटेलवाले दारात येऊन घेऊन जातात.

"एवढा मोठा तुकडा कशाला, तांडेल?"

"बारका खाऊन कं करनार? शेपटी मी घेतली. डोकं सूनबायला." तो हसला. "पोटुशीला डोकं चांगलं. पोराला अक्कल येते."

जानकी पिशवी घेता घेता थांबली. काहीतरी बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण प्रयोगशाळेची गाडी हॉर्न वाजवत होती, आणि बर्फाच्या पेटीतले नमुने उन्हात ठेवून चालणार नव्हतं.

वाट्याची सुरुवात झाली तेव्हा जानकीची आई जिवंत होती. विक्रोळीला कन्नमवार नगरातल्या घरात दोघीच राहायच्या. वडील गिरणीतले, गिरणी गेली आणि मागून तेही गेले. धाकटा भाऊ सुबोध लग्नानंतर बोरिवलीला गेला. आईला अर्धांगाचा झटका आला होता, आणि जानकीच्या लग्नाची बोलणी त्याच सुमारास जी थांबली ती थांबलीच. एकदा होडीत बसल्या बसल्या तिने तुळशीदासला सहज सांगितलं, आईला काही गोड लागत नाही, नुसती गावच्या खाडीतल्या शेवट्यांची आठवण काढते.

"शेवटे म्हंजे?"

"तुमचे बोईट."

तर त्या दिवशी त्याने पाच-सहा बोईट बांधून दिले. आईने ताटातला मासा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "ह्यो खाडीचो शेवटो. खंय गावलो गो तुका?" त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आई गेली. वाटा चालू राहिला. जानकी एकटीसाठी वाटण वाटायची, एकटीसाठी भात टाकायची. पुढच्या महिन्यात होडीत बसली की तुळशीदास इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारायचा, "कसा जाला व्हता?"

"कोकमाचं आगळ घालून केला. आणि वरून तिरफळं."

"आमच्यात तिरफळ नाय घालत. एकदा खाऊन बघाय पायजे."

"बघा ना."

याच्यापुढे तो कधी गेला नाही आणि तीही नाही. त्याने घराचा पत्ता विचारला नाही, तिने सांगितला नाही. पण महिनाभर तिला कामाचा कंटाळा आला की ती मनात ठरवायची, या वेळी त्याला काय सांगायचं. कधी कधी ती नुसत्या हळद-मिठावर मासा शिजवून खायची आणि त्याला सांगताना सगळा साग्रसंगीत बेत सांगायची.

नवा प्रकल्प पाऱ्यावर होता. डॉक्टर गार्गी नावाची तरुण शास्त्रज्ञ तो चालवत होती. हुशार मुलगी, स्वतः चिखलात उतरायची, आणि जानकीला कामाचं सांगताना नेहमी "ताई, जमेल ना?" म्हणायची. खाडीच्या चिखलात वर्षानुवर्षं कारखान्यांच्या पाण्याबरोबर आलेला पारा बसलेला आहे. तो चिखलातून पाण्यात, पाण्यातून प्लवकात, प्लवकातून माशात कसा आणि किती चढतो, ते तिला बघायचं होतं. जानकीने वर्षभर प्लवक वेगळे केले. हिरव्या कणांसारखे वनस्पती-प्लवक वेगळे. ते खाणारे, तांदळाच्या कणीहून लहान झिंग्यासारखे दिसणारे प्राणी-प्लवक वेगळे. मग जवळा, मग बोईट, मग जिताडा. प्रत्येक पायरीला पारा वाढत जात होता. त्याच्यावर शेवटची पायरी माणसाची.

"पारा केसात साठतो," गार्गी म्हणाली. "कोळीवाड्यातून थोड्या लोकांचे केस मिळाले तर? तुमचं ऐकतील ते."

ऐकलं त्यांनी. एका रविवारी सकाळी देवळासमोरच्या ओट्यावर जानकी कात्री आणि दोरा घेऊन बसली. बायका हसत हसत येऊन बसल्या. तुळशीदासची सून कल्पिता पोटावर हात ठेवून ओट्याच्या टोकाला टेकली. तिने आपले केस दिले आणि मग सासऱ्याला हाक मारली, "बाबा, या आता! लाजताय काय?"

तुळशीदास पुढे येऊन पाठमोरा बसला. मानेवर पांढरे, राठ केस होते, उन्हाने रापलेल्या कातडीवर उगवलेले. जानकीने बोटांनी एक बट वेगळी केली, दोऱ्याने बांधली.

"अगदी मुळाशी कापावे लागतात," ती म्हणाली.

"कापा की. कोन बघनार हाय मना आता?"

"टक्कल नका पाडू हां ताई त्यांना," कल्पिता म्हणाली. सगळे हसले. जानकीही हसली, पण कात्री तिला दोनदा चालवावी लागली.

तुलनेसाठी खाडीचं न खाणाऱ्या माणसांचेही केस हवे होते. गार्गीने ऑफिसातल्याच लोकांना बसवलं. "ताई, तुम्ही खाडीचं खाता का?" तिने कॉरिडॉरमध्ये घाईघाईत विचारलं. आजूबाजूला चार जण उभे होते. "कधीतरी," जानकी म्हणाली. गार्गीने मान हलवली आणि तिचीही बट कापून घेतली.

त्या जिताड्याच्या आधीच्या आठवड्यात निकाल आला होता.

गार्गीने तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "ताई, एक गडबड झालीय. तुमचा नमुना त्यांच्यात मिसळला गेलाय बहुतेक. आकडा एकदम वर आलाय. कोळीवाड्यातल्या कितीतरी जणांच्या वर. मी तो बाद करते."

जानकी खुर्चीच्या कडेवर बसली होती. हो म्हटलं असतं, तर विषय तिथेच संपला असता.

"मिसळला नाही," ती म्हणाली. "माझाच आहे."

"असा कसा?"

"मी खाते. बरीच वर्षं. जिताडा, बोईट, जे असेल ते."

"पण आणता कुठून?"

"मिळतं."

गार्गी आवाज खाली आणून म्हणाली, "आधी बंद करा. डॉक्टरांना दाखवा. बोटांना मुंग्या, तोल जाणं, असं काही होतं का?"

"बोटांना कधी कधी. मला वाटलं वयामुळे."

"आता तुम्हाला त्यांच्यात धरावं लागेल."

त्यांच्यात. जानकी आपल्या टेबलापाशी परत आली, मायक्रोस्कोपवरचं आवरण काढलं, परत घातलं. तिला भीती वाटायला हवी होती. पण कितीतरी वर्षांत कुणी तिला कुणाच्यात धरलं नव्हतं. सुबोधकडे गणपतीला गेली तरी ती पाहुणी असायची. आणि आज कसल्याशा तक्त्यात ती कोळीवाड्यातल्या माणसांच्या रांगेत, त्यांच्यातलीच एक होऊन बसली होती.

"कोळीवाड्यात कधी सांगायचं?" तिने संध्याकाळी निघताना गार्गीला विचारलं.

"अहवाल मंजूर झाला की. त्याआधी आकडे बाहेर देता येत नाहीत, ताई. मी पाठपुरावा करतेय."

आणि पुढच्याच फेरीला तुळशीदासने तिच्या हातात तो मधला तुकडा ठेवला, आणि डोकं सुनेला दिल्याचं हसत हसत सांगितलं.

त्या संध्याकाळी जानकीने तुकडा धुतला, मीठ लावलं. मग कितीतरी वेळ ती ओट्यापाशी उभी राहिली. टाकून देणं काही कठीण नव्हतं. खाली कचऱ्याचा डबा होता, मांजरं होती. तिने वाटण वाटलं. आगळ घातलं, तिरफळं घातली, सगळं रीतसर केलं. ताट वाढून घेतलं आणि जेवली. मासा ताजा होता, गोड होता. या वेळी तिला त्याच्यापुढे बेत रचून सांगावा लागणार नव्हता. स्वतःची काळजी तिला त्या जेवणात एकदाही वाटली नाही. पण काटा बाजूला काढताना जिताड्याचं डोकं तिच्या डोळ्यांसमोर आलं, कल्पिताच्या ताटातलं, आणि तिचा हात थांबला. राहिलेला भात तिने झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली आणि मुलुंडच्या मासळी बाजारात गेली.

कल्पिता आपल्या आत्येसासूच्या शेजारी बसली होती. सोनूबाई म्हणजे तुळशीदासची थोरली बहीण. अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात कोयता आणि आवाज असा, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक वळून बघेल. जानकीने कल्पिताला चहाच्या निमित्ताने बाजूला घेतलं.

"केसांचं काय झालं, ताई? पास झाले का मी?" कल्पिताने हसत विचारलं.

"कल्पिता, खाडीचा मासा खायचा बंद कर. आजपासून. बाळ होईपर्यंत, आणि दूध पाजशील तोपर्यंत तरी."

कल्पिताचं हसू मावळलं. "म्हणजे?"

जानकीने तिला सांगितलं. पाण्यात पारा एवढासा असतो, की चव नाही, वास नाही. पण शेवाळाचे कण तो अंगात घेतात. ते कण खाणाऱ्या बारीक किडी दिवसभर खातच असतात, आणि खाल्लेल्यातला पारा त्यांच्या अंगात साठत जातो. जवळा तशा हजार किडी खातो. बोईट जवळा खातो. जिताडा बोईट खातो, वर्षानुवर्षं खातो, म्हणून जेवढा मोठा जिताडा तेवढा पारा जास्त. "आणि जिताडा आपण खातो," ती म्हणाली. "मोठ्या माणसाला तो हळूहळू त्रास देतो. पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला…"

ती थांबली. कल्पिताने चहाचा ग्लास खाली ठेवला होता.

"मी तर रोज खाल्लाय, ताई. बाबा मुद्दाम आणून देतात."

"आता थांबव. थांबवलं की अंगातला हळूहळू कमी होतो. पालिकेच्या हॉस्पिटलात डॉक्टरना सांग, माझं नाव सांग."

"बाळाला काय होईल?"

"काही नाही होणार," असं म्हणायचं जानकीच्या अगदी तोंडावर आलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही गं. म्हणून तर धावत आले."

गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हतीच. कल्पिताने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने बापाला, आणि दोन दिवसांत सगळा कोळीवाडा बोलायला लागला. प्रयोगशाळेत जानकीला लेखी विचारणा झाली. गार्गी तिच्यावर चिडली नाही. तिने वरच्यांशी भांडून परवानगी मिळवली आणि कोळीवाड्याच्या सभागृहात दुपारी सभा घेतली. भिंतीवर पडदा लावला, चित्रं दाखवली. पहिलं चित्र जानकीच्या मायक्रोस्कोपमधून काढलेलं होतं. लांब मिशांची, काचेसारखी पारदर्शक कीड पडदाभर पसरली, तेव्हा मागच्या रांगेतली पोरं ओरडली, "आयला, हिला पाय हायत!"

कुणी हसलं नाही. गार्गी साध्या शब्दांत सांगत गेली. मोठा मासा टाळा, बारका कधीमधी चालेल, पोटुशी बाई आणि लहान मूल यांनी अजिबात नको. शेवटी ती म्हणाली, "हे फक्त तुमच्या वस्तीचं नाही. खाडीपासून लांब राहणाऱ्या एका बाईंच्या केसांत इथल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त पारा निघाला, कारण त्या वर्षानुवर्षं खाडीचा मोठा मासा खात होत्या."

जानकी बाजूच्या खुर्चीवर बसली होती. सभागृहाच्या मागे, खांबाला टेकून उभ्या असलेल्या तुळशीदासने मान वर केलेली तिला दिसली. तिने नजर पडद्याकडे वळवली.

मग सोनूबाई उठली. तिला माइक नको होता.

"बाय, तुमी केस मागितले, आमी दिले. आता आमचं प्वाट मागताय?" ती गार्गीकडे नाही, जानकीकडे बघून बोलत होती. "पारा आमी टाकला का पान्यात? ज्यांनी टाकला त्यांना बोलवा ना हितं, त्यांचे केस कापा. उद्या मुलुंडात येक गिऱ्हाईक येनार नाय माज्याकडं. मी कं विकू, कोयता?"

"मावशी, तुमचं बरोबर आहे," जानकी उभी राहून म्हणाली. "पण कल्पिताला सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही."

"तिला सांगितलंस, बरं केलंस," सोनूबाईचा आवाज खाली आला. "पन आता हितं नको येत जाऊस."

झालंही तसंच. बाजारात बातमी पसरली. खाडीचा मासा म्हटलं की बायका टोपलीवरून नजर फिरवून पुढे जायला लागल्या. सोनूबाई पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावरून बाहेरचा माल आणायला लागली. त्या वयात तिला ती दगदग झेपत नव्हती. कोळीवाड्याच्या बैठकीत ठरलं, की प्रयोगशाळेला यापुढे होडी द्यायची नाही. एकच फेरी आधी कबूल केलेली होती. ती तुळशीदास करील, कारण शब्द त्याचा होता.

त्या फेरीला जानकी एकटीच गेली. गार्गीची दिल्लीला बैठक होती. थंडीचे दिवस होते, आणि पाण्याच्या कडेने फ्लेमिंगोंचे थवे चिखलात चोची घालून उभे होते. तिला निवृत्त व्हायला थोडेच दिवस राहिले होते. तिने हे तुळशीदासला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावं असा प्रसंगही नव्हता.

जाळं पाण्यात सोडलं, वर घेतलं. बाटली भरली. दुसऱ्या ठिकाणी गेले, पुन्हा सोडलं. तुळशीदास कामापुरतं बोलत होता. वल्ह्यावरची त्याची बोटं मधूनच उघडझाप करत होती.

"बोटांना मुंग्या येतात का?" तिने विचारलं.

"येतात. डॉक्टर बोलला, जाईल हळूहळू." मग थोड्या वेळाने, "कल्पिताला मुलगी जाली."

"हो? कधी?"

"मागच्या आठवड्यात. रडते जोरात. डॉक्टर बोलतो, सगलं ठीक दिसतंय, पन वर्षभर दाखवत राहा." त्याने इंजिन बंद केलं. होडी ओहोटीबरोबर सावकाश सरकायला लागली. "तुमी नसतं सांगितलं, तर मी अजून डोकं देत बसलो असतो तिला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, तांडेल."

"ठाव नव्हतं म्हनून कं जालं? हातानं तर मीच दिलं."

पाणी होडीच्या पोटाला चुबुक चुबुक लागत होतं. तुळशीदास समोरच्या फळीवर बसला आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "ती बाय कोन?"

"कोण बाई?"

"सभेत बोलल्या ना मॅडम. लांब राहनारी. मोठा मासा खानारी." त्याने हातातलं वल्हं खाली ठेवलं. "मी झोपलो नाय नीट तेव्हापासून. तुमी व्हता का ती?"

जानकीने बाटलीचं झाकण घट्ट केलं. आधीच घट्ट होतं ते. हो म्हटलं, तर या माणसाला कळेल, की त्याने दिलेला एकही तुकडा तिने वाया घालवला नाही, आई गेल्यानंतर तिच्या घरात दुसऱ्या कुणी दिलेलं काही शिजलंच नाही. आणि हेही कळेल, की सुनेला दिलं तेच त्याने तिलाही दिलं, महिन्यामागून महिने, त्यातलं उत्तम निवडून. दोन्ही एकाच शब्दात होतं. एक ठेवून दुसरं काढून घेता येत नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "ती आमच्या ऑफिसातली दुसरी. ठाण्याला राहते."

"मग तुमचे केस? तुमचे पन कापले असतील ना?"

"माझ्यात काही नाही निघालं."

तुळशीदासने श्वास सोडला. इतका लांब, की त्याचे खांदे खाली आलेले तिला दिसले. मग त्याच्या कपाळावर एक आठी आली.

"काही नाय कसं? मी देत व्हतो ना तुमाला. दर वेळेला."

"मी…" जानकीने पाण्याकडे पाहिलं. "मी शेजारी वाटून टाकायचे. आई होती तोवर तिला द्यायचे. मला नाही आवडत खाडीचा. वास येतो."

"सगला वाटायच्या?"

"हो."

"तो जिताडा पन?"

"तोही."

"पन आगळ नि तिरफळ, ते बोलायच्या ना तुमी."

"शेजारीण सांगायची, ते मी सांगायचे तुम्हाला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

चिखलातून एक बगळा उडाला आणि पलीकडे जाऊन बसला. तुळशीदासच्या चेहऱ्यावरची आठी गेली, पण तिच्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं.

"बरं केलंत," तो म्हणाला. "लय बरं केलंत, मॅडम. माज्या डोक्यावरचं वझं गेलं."

आणि तो उठून इंजिनाकडे गेला.

धक्क्याला लागले तेव्हा पाणी पार उतरलं होतं. पायऱ्या शेवाळाने काळ्या पडलेल्या. जानकीने नमुन्यांची पेटी आधी वर ठेवली आणि वळून नेहमीच्या सवयीने हात पुढे केला. ओहोटीला या पायऱ्यांवर तो तिला हाताला धरून वर चढवायचा.

तुळशीदास दोर बांधून पायरीवर उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वाकून होडीतलं वल्हं उचललं आणि त्याचं टोक तिच्यापुढे धरलं, एखाद्या नव्या पाहुणीला देतात तसं, अदबीने आणि अगदी घट्ट.

"सांभाळून या," तो म्हणाला.

तिने ओलं वल्हं दोन्ही हातांनी धरलं आणि एक एक पायरी चढून वर आली.